उजव्या कानातलं पुटपुटणं

माझा कान गेला हे डॉक्टरांनी मला सांगितलं नाही. ह्यांना सांगितलं.

टेबलासमोर आम्ही दोघं शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी माझे कान तपासले, चाचणीचा आलेख पाहिला, माझ्याकडे बघून एकदा हसले आणि खुर्ची ह्यांच्या दिशेने वळवली. मग बराच वेळ बोलत राहिले. मला नुसती गुरगुर ऐकू येत होती, शेजारच्या फ्लॅटमध्ये टीव्ही लावलेला असावा तशी. हे मान डोलवत होते. मध्येच ह्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. चष्मा स्वच्छ होता. तेवढ्यावरून मला कळलं की बातमी चांगली नाही.

मी म्हणाले, "डॉक्टर, पेशंट मी आहे."

त्यांनी पुन्हा हसून माझ्या हातावर थोपटलं आणि कागदावर लिहून दिलं: सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. म्हणजे कानाच्या आतल्या भागाची किंवा तिथून मेंदूकडे जाणाऱ्या नसेची ताकद अचानक जाणं. कारण बहुतेकदा सापडत नाही. निदान माझं होतं, पण त्याविषयीचं सगळं बोलणं ह्यांच्या वाट्याला गेलं. त्या दिवशी ते दोघं आणखी काय बोलले, हे मला कळायला दिवाळी उलटावी लागली.

सुरुवात अगदी साधी होती. उन्हाळा लागत होता. एका सकाळी उठले तर उजवा कान बंद. पोहून आल्यावर कानात पाणी राहावं तसं वाटत होतं आणि आत बारीक शिट्टी सुरू होती. वाटलं, मळ असेल. वाफ घेतली, जांभया दिल्या, कापूस घालून बसले आणि डॉक्टरांकडे जायला आठवडा घालवला. हे वाचणाऱ्यांना कळकळीने सांगते, असं झालं तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा. उपचार लवकर सुरू झाले तर कान परत येण्याची शक्यता जास्त असते.

माझा डावा कान लहानपणी वाहायचा. तेव्हापासून तो नावापुरताच होता. उजव्यावर मी सगळं आयुष्य काढलं. कोथरूडच्या शाळेत गणित शिकवलं, मागच्या बाकावरची कुजबुज पकडली, मुलीचं रडणं वरच्या मजल्यावरून ओळखलं. आणि मुख्य म्हणजे, श्रीकांतरावांचं, म्हणजे ह्यांचं, पुटपुटणं ऐकलं.

हे नीट सांगायला हवं, कारण माझा आजार खरा तिथे आहे.

आमचं लग्न ठरलं तेव्हाच मी ह्यांना सांगितलं होतं की डाव्या बाजूने बोलाल तर मला कळणार नाही. तेव्हापासून हे माझ्या उजव्या हाताला बसतात. लग्नकार्यात, व्याख्यानाला, बसमध्ये, डॉक्टरांकडे, सगळीकडे. सरकारी कचेरीत नोकरी केलेला हा सभ्य, मितभाषी माणूस. चारचौघांत तोंड उघडणार नाही. पण माझ्या उजव्या कानात ओठ न हलवता जे काही ओतायचे, ते दुसऱ्या कोणी ऐकलं असतं तर आम्हाला पुण्यात कोणी केळवणाला बोलावलं नसतं.

व्याख्यानाला अध्यक्ष वक्त्यांची ओळख करून देता देता थांबेनात, तेव्हा हे कानात म्हणाले, "ओळख चाललीय की स्थळ सुचवतायत?" कार्यालयात एकाने पानात जिलब्यांची चळत रचली, तेव्हा म्हणाले, "पलीकडे माणूस आहे का बघ." मलाही सोडायचे नाहीत. नवी साडी नेसून बाहेर आले की क्षणभर बघायचे. "छान आहे. दुकानात लाइट गेले होते का?"

मी चिमटा काढायची. हे समोर बघत साळसूद चेहरा करून बसायचे. आमचा संसार म्हणजे काय असं कोणी विचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं.

उपचार सुरू झाले. आधी स्टेरॉइडच्या गोळ्या. त्यांनी साखर वाढली आणि चेहरा सुजला. मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शन, म्हणजे कानाच्या पडद्यातून सुई घालून औषध थेट आत सोडणं. ऐकायला भयंकर वाटतं, पण सोसण्यासारखं असतं. एमआरआयही झाला. आत गाठ वगैरे काही नव्हतं.

त्या दवाखान्यातली एक गंमत सांगते. कान-नाक-घसा विभागाच्या बाहेर आम्ही सगळे कानाचे पेशंट बाकांवर बसलेलो, आणि आतून मास्क लावलेली बाई आमची नावं पुकारायची. ज्यांना ऐकू येतं त्यांचा नंबर लागायचा. माझा दोनदा गेला. मी काउंटरवर जाऊन म्हटलं, "अहो, डोळ्यांच्या विभागात नंबर भिंतीवर बारीक अक्षरात लिहून ठेवता का?" तिथल्या मुलीने माझ्या लेकीकडे पाहिलं आणि विचारलं, "आजींना काय हवंय?" ऋता, म्हणजे माझी लग्न झालेली लेक, हिंजवडीला नोकरी करते आणि सुट्टी काढून माझ्याबरोबर यायची. ती बिचारी कानकोंडी झाली. आजींना काय हवंय ते आजींनी आत्ताच सांगितलं होतं.

असं सगळीकडे होऊ लागलं. भाजीवाली ऋताला विचारायची की आईंना मेथी देऊ का. सोसायटीतल्या बायका माझ्या तोंडाजवळ तोंड आणून ओरडायच्या. ओरडल्यावर ओठ वेडेवाकडे होतात आणि जे कळणार असतं तेही कळत नाही. एकदा स्वारगेटला रस्ता ओलांडायला उभी होते. कान गेल्यापासून तोलही जरा जायचा, म्हणून गर्दी ओसरायची वाट बघत होते. एका सज्जनांनी मागून येऊन माझा दंड धरला आणि मला ओढतच पलीकडे नेलं. मला पलीकडे जायचंच होतं, म्हणून मी आभार मानले. पण पलीकडे पोचल्यावर आधी कठडा धरून उभी राहिले. समोर येऊन नुसता हात पुढे केला असता, तर मी आनंदाने धरला असता.

परक्यांचं मी फार मनावर घेतलं नाही. घरातलं मात्र लागत गेलं.

हे बदलले. माझ्याशी शाळेतल्या पहिलीच्या बाईंसारखं बोलू लागले. "जे-वण झा-लं. गो-ळी घे." इतकं गोड बोलायचे की मला धडकी भरायची. मी नवी साडी नेसले तर अंगठा वर करायचे. जेवणात मीठ जास्त पडलं तरी मान डोलवून "छान" म्हणायचे. एकदा आमटी मुद्दाम खारट केली. तीही छान झाली होती म्हणे.

लोकांना वाटायचं, मी कोकिळेसाठी, गाण्यांसाठी झुरत असेन. तसं काही नव्हतं. पहाटे दारात पेपर पडल्याचा आवाज येत नाही याचंही मला काही वाटत नव्हतं. मला ह्यांचं पुटपुटणं हवं होतं. कोणी जवळून गेलं की माझी मान आपोआप उजवीकडे कलायची. हे शेजारीच असायचे, समोर बघत, ओठ मिटून. मला रडू यायचं. ते बघून हे आणखी गोड व्हायचे.

ऋताने सुचवलं, "बाबा, तुम्ही आईला व्हॉट्सॲपवर लिहीत जा ना." ह्यांनी लिहिलं. एका बोटाने, स्वल्पविरामासकट. "चहा, हवा का?" टोमणा असा टाइप करून पाठवता येत नाही. तो लिहून होईपर्यंत जिलब्यांचा माणूस हात धुऊन घरी गेलेला असतो.

उजवा कान परत येणार नाही हे हळूहळू नक्की झालं. मग डाव्या कानासाठी श्रवणयंत्र बघायला आम्ही ऑडिओलॉजिस्टकडे गेलो. ऑडिओलॉजिस्ट म्हणजे ऐकण्याची तपासणी करून यंत्र बसवून देणारे तज्ज्ञ. तिथे ऑडिओमेट्री करतात. बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं आणि आवाज आला की बटण दाबायचं. मी आवाज नसतानाही बटण दाबत होते. मनात वाटत होतं की आला असेल.

त्या ऑडिओलॉजिस्ट बाई तरुण होत्या. त्यांनी आधी मास्क काढला. मग माझी खुर्ची अशी फिरवली की खिडकीचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडेल. टेबलावर बोटाने टकटक करून माझं लक्ष वेधलं आणि बोलायला लागल्या. ओरडल्या नाहीत. सावकाश, पण माणसाशी बोलावं तसं बोलल्या.

"काकू, कळलं नाही तर मला थांबवा. मी तेच वेगळ्या शब्दांत सांगेन. घरीही असंच सांगायचं."

मग त्यांनी काही विचारलं आणि नेहमीप्रमाणे हे उत्तर द्यायला लागले. बाईंनी ह्यांना हाताने थांबवलं. "काका, त्यांना सांगू द्या."

कितीतरी दिवसांनी मला कोणीतरी प्रश्न विचारून उत्तरासाठी माझ्याकडे बघत होतं. प्रश्न असा होता: "तुम्हाला सगळ्यात जास्त काय ऐकायचंय?"

मी म्हणाले, "ह्यांचं पुटपुटणं."

हे टेबलावरच्या पेनाकडे बघत बसले. बाई हसल्या नाहीत. थोडा विचार करून म्हणाल्या, "पुटपुटणं अवघड आहे काकू. खोटं सांगत नाही. या यंत्राने समोरासमोरचं बोलणं येईल. उजेडात, चेहरा दिसत असताना, स्पष्ट बोललेलं. कानात बोललेलं बहुतेक नाही येणार."

खरं बोलल्याबद्दल मी त्यांचे आभार मानले. बाहेर येऊन रिक्षात बसेपर्यंत मी धीर धरला.

यंत्र बसलं. सुरुवातीला त्यातून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. पातेलं ठेवलं की कोणी अंगावर धावून आल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू माणसांची बोलणी येऊ लागली. एका वेळी एक माणूस, समोर बसून बोललं तर कळायचं. चार जण एकदम बोलले की नुसता कालवा.

तुळशीचं लग्न झालं आणि केळवणांचे दिवस आले. माझ्या नणंदेच्या, सुलभाताईंच्या मुलीचं, मुक्ताचं लग्न ठरलं होतं. मामा-मामींकडचं केळवण आमच्याच घरी व्हायचं हे ठरलेलं. पण सुलभाताई कसबा पेठेतून मुद्दाम आल्या आणि ह्यांच्याशी बोलल्या. मी ओठ वाचले. "वहिनीला कशाला दगदग? बाहेर हॉटेलात जाऊ."

मी म्हणाले, "सुलभाताई, कान गेलाय. हात आहेत."

स्वयंपाक मी केला. अळूची भाजी, मसालेभात, पुरणपोळी. ऋताने मदत केली, पण तिला पुरण वाटायला बसवून मीच सगळं केलं. पाहुणे आले, पानं मांडली. हे सवयीने माझ्या उजव्या हाताला बसले. यंत्र डाव्या कानात, हे उजवीकडे. मी काही म्हटलं नाही.

केळवणाला नवरीने उखाणा घेतल्याशिवाय घास उचलायचा नाही, आणि मग पंक्तीतल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांनी एकेक घ्यायचा, अशी आमच्याकडची पद्धत. आमच्या घराण्यात उखाणे घ्यावेत ते मी. पंचवीस वर्षं माझा उखाणा झाला की पुढच्या बाईची पंचाईत व्हायची.

मुक्ताने घेतला. सुलभाताईंनी घेतला. एकेकीची मान वर व्हायची, ओठ हलायचे, सगळे हसायचे. पाळी माझ्याजवळ आली. माझ्या डाव्या हाताला बसलेल्या जाऊबाईंनी घेतला आणि सगळ्यांच्या माना ह्यांच्या पलीकडे बसलेल्या ऋताकडे वळल्या. मधल्या मला ओलांडून. कोणी दुष्टपणाने केलं नव्हतं. उलट सगळ्यांच्या चेहऱ्यावर माया होती. सुलभाताईंनी डोळ्यांनीच खूण केली होती की वहिनीला राहू दे, तिला त्रास नको.

ऋताने घेतला. मोठा हशा झाला. मी विचारलं, "काय म्हणालीस गं?"

"काही नाही आई. नंतर सांगते."

ज्यांच्या घरात ऐकू न येणारं माणूस आहे, त्यांना हात जोडून सांगते, हे वाक्य बोलू नका. सगळे हसलेत ते "काही नाही" कसं असेल? आणि ते नंतर कधी येत नाही. दोन शब्दांत सांगा, पण त्याच वेळी सांगा.

मी पानावरून उठून उभी राहिले. म्हणाले, "माझा राहिलाय." आणि म्हटला:

"एक कान गेला कामातून, दुसऱ्यात बसवलं यंत्र,
श्रीकांतराव झाले सज्जन, विसरले टोमण्यांचा मंत्र."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बालवाडीच्या मुलाने कविता म्हटल्यावर वाजवतात तशा. हसू सगळ्यांचं गोड, डोळे ओलसर. सुलभाताईंनी माझ्याकडे बघून छातीवर हात ठेवला. इतकी एकटी मी एमआरआयच्या नळीतही नव्हते.

तेव्हा हे उठले. आपली खुर्ची उचलली, खुर्च्यांच्या मधून वाट काढत टेबलाला वळसा घातला आणि अगदी माझ्या समोर, ट्यूबलाइटखाली आणून ठेवली. बसले. बोटाने टेबलावर टकटक केली. मी बघेपर्यंत थांबले. मग आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत, स्पष्ट, ओठ हलवून बोलले.

"अगं, हळू. बहिरी तू आहेस. आम्ही नाही."

खोलीत काय झालं ते मला ऐकू आलं नाही, पण दिसलं. ऋताच्या ओठांवर "बाबा!" होतं. सुलभाताईंचा हात तोंडावर गेला. मुक्ताच्या हातातला घास तसाच राहिला. आणि समोर हे, चेहरा साळसूद, पण डोळे माझ्यावर रोखलेले. घाबरले होते. माझं काय होतंय ते बघत होते.

मी हसायला लागले. पोट धरून, खुर्चीची पाठ धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. शेवटी विचारलं, "मी इतकी मोठ्याने बोलते?"

"उन्हाळ्यापासून. वरच्या मजल्यावर आपला भाजीचा बेत पाठ आहे."

उन्हाळ्यापासून! आणि मायेपोटी एकाही माणसाने मला सांगितलं नव्हतं. स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही, तो सांभाळायला मला कोणीतरी हवं होतं, आणि सगळे मला सांभाळत बसले होते.

पाहुणे गेल्यावर मी ह्यांना समोर बसवलं. इतके दिवस का नाही बोललात, असं विचारलं. हे चष्मा पुसायला लागले. मी तो काढून घेतला.

"डॉक्टर म्हणाले होते त्या दिवशी. जपा यांना. मनाला लागेल असं काही बोलू नका. सोपं, गोड बोला."

म्हणजे पथ्य होतं. साखर आणि मिठाबरोबर टोमणेही बंद होते, आणि हे ते निष्ठेने पाळत होते. मी खारट आमटी वाढत होते आणि हे औषध म्हणून गिळत होते. त्या दिवशी डॉक्टरांनी खुर्ची फक्त माझ्याकडे वळवली असती, तर मी तिथेच सांगितलं असतं की अहो, हा माणूस गोड बोलायला लागला तर मी जाईन. माझ्याविषयीची गोष्ट मला सोडून सगळ्यांना सांगितली गेली, त्याचे एवढे महिने गेले.

आता, हे वाचून कोणी उद्या ओळख नसलेल्या माणसाला बहिरी म्हणायला जाऊ नये. तो शब्द मला दुसरं कोणी म्हणालं तर मी त्याला उभा-आडवा घेईन. ह्यांना तो हक्क आहे, कारण त्यांनी चाळीस वर्षं माझ्या उजव्या हाताला बसून तो मिळवलाय. तुमच्या घरातल्या माणसाला काय चालतं, काय लागतं, हे मला माहीत नाही. त्यांच्या डॉक्टरांनाही नाही. त्यांच्या समोर उजेडात बसा आणि त्यांनाच विचारा.

त्या ऑडिओलॉजिस्ट बाईंची मी ऋणी आहे, डॉक्टरांचीही आहे. त्यांनी औषधात काही कसर ठेवली नाही. पुढच्या भेटीत मी स्वतःच त्यांची खुर्ची धरून माझ्याकडे वळवली. ते हसले, आणि तेव्हापासून माझ्याकडे बघून बोलतात.

मुक्ताच्या लग्नात आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं होतं. उजव्या बाजूची खुर्ची मी सवयीने पर्स ठेवून धरली होती. तिच्यावर कोणी बसलं नाही; हे मामा म्हणून मुक्ताला बोहल्यावर आणायला गेले होते. अंतरपाट धरला होता, सगळे अक्षता घेऊन उभे, आणि माझी मान नेहमीसारखी उजवीकडे कलली. ती सवय जायची नाही. तिथे एक पुटपुट असायची आणि ती आता या जन्मात येणार नाही, हे मला त्या मंगलाष्टकांत पुन्हा एकदा कळलं.

तेवढ्यात नवरा-नवरीच्या आणि माझ्या बरोबर मध्ये कोणीतरी येऊन उभं राहिलं. पाठ बोहल्याकडे, तोंड माझ्याकडे. मला मुक्ता दिसेना, मागच्यांनाही दिसेना. हे होते. हातातल्या अक्षता सांभाळत, ओठ नीट हलवत, मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "साडी छान आहे. दुकानात लाइट गेले होते का?"